‘गिअरबॉक्स उघडू नका’ म्हणणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

आज सकाळी पिकअप काढली, लिव्हर डीमध्ये घेतला आणि गिअर एकामागोमाग पडत गेले. झटका नाही, दणका नाही. चौथा कधी पडला हे आरपीएमचा काटा खाली आला तेव्हाच कळलं. तेव्हाच तुम्हाला फोन करणार होतो. पण तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘असू द्या हो’ म्हणून विषय बदलता, हे एव्हाना ठाऊक झालंय. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्या आणखी कुणावर अशी वेळ आली, तर तुम्ही काय केलंत ते त्याला कळायला हवं.

चढावर मागे सामान भरलेलं असताना गाडी पहिल्यांदा अडकली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. इंजिनचा पिवळा दिवा लागला, एक जोराचा दणका बसला आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्येच राहिली. पाय दाबला तरी गाडी रडतखडत पुढे सरकायची. कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने सुरू केली तर सगळं सुरळीत! चार दिवसांनी पुन्हा तेच. मग रोजच. बायको विचारायची, आज परत येशील ना वेळेवर? मला उत्तर देता यायचं नाही.

एका ठिकाणी गाडी दाखवली. त्यांनी एक फेरी मारली आणि सांगितलं, गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. त्यांच्यावर राग नाही, पण त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं हे मनातून जात नाही.

मग गाडी तुमच्याकडे आणली. तुम्ही आधी गाडीला हात लावला नाहीत, मला प्रश्न विचारलेत. थंड असताना होतं का? रिव्हर्स पडतो का? थांबून सुरू केल्यावर आपोआप बरी होते का? मी सांगितलं, फक्त तापल्यावर होतं, रिव्हर्स पडतो आणि थंड झाली की बरी होते. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं. ‘झिजलेल्या क्लच प्लेटा अर्ध्या तासात नव्या होत नाहीत. गिअरबॉक्स उघडू नका.’ मग इंजिन चालू ठेवून फ्लुइडची, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाची, पट्टी काढलीत, पांढऱ्या कागदावर एक थेंब टेकवलात आणि कागद माझ्या नाकाशी धरलात. रंग लाल, जळका वास नाही, बोटांत चोळल्यावर कचकच नाही. आठवड्याभराच्या घोरानंतर मला पहिल्यांदा धीर आला तो त्या एका थेंबाने.

बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर दोन कोड आले. पी0700 दिसल्यावर मी घाबरलो, तर तुम्ही म्हणालात की हा नुसता निरोप्या आहे. ट्रान्समिशनच्या बाजूला काहीतरी बिघडलंय, तिकडे जाऊन पाहा, एवढंच तो सांगतो. कामाचा कोड दुसरा, यू0101. त्याचा अर्थ असा की गाडीतल्या बाकीच्या मोड्यूलना (छोट्या कॉम्प्युटरना) गिअर सांभाळणाऱ्या ट्रान्समिशन कंट्रोल मोड्यूलचा, म्हणजे टीसीएमचा, आवाज ऐकू येईनासा झालाय. गाडीचा वेग, इंजिनवरचा भार, फ्लुइडचं तापमान बघून कोणता गिअर कधी टाकायचा हे तोच ठरवतो आणि सोलेनॉइडना, म्हणजे फ्लुइडची वाट उघडझाप करणाऱ्या विजेच्या झडपांना, हुकूम देतो. तो गप्प झाला की सोलेनॉइडची वीज जाते आणि गिअरबॉक्स नुसत्या फ्लुइडच्या दाबावर एकाच गिअरमध्ये थांबतो. माझ्या गाडीत तो तिसरा. रिव्हर्स लिव्हरच्या केबलने पडतो, म्हणून तो चालू होता. इतके दिवस ज्याला मी गिअरबॉक्सचं मरण समजत होतो, तो गाडीने स्वतःला सांभाळण्याचा उपाय होता.

इथे कुणीही म्हणालं असतं, कोड आला, मोड्यूल बदला. मीही तेच म्हणालो. तुम्ही मान हलवलीत. मोड्यूल गप्प आहे हे खरं, पण तो मुका झालाय की त्याला वीजच मिळत नाही की त्याची तार तुटलीय, हे कोड सांगत नाही. पुढचे दोन तास तुम्ही त्या एका प्रश्नावर घालवलेत. दादा, माझे खरे आभार त्या दोन तासांसाठी आहेत.

टीसीएमचा कनेक्टर सोडवून तुम्ही भिंगातून एकेक पिन पाहिलीत. हिरवा गंज नाही, फ्लुइडचा ओलावा नाही. (वायरच्या आतून फ्लुइड झिरपत मोड्यूलपर्यंत चढू शकतं, हे मला तेव्हा कळलं.) मीटरने बारा व्होल्ट दाखवले तरी तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत, वीज येणाऱ्या त्या पिनेवर बल्ब लावून पाहिलात. वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, पण बल्ब पेटवायला पुरेसा करंट लागतो. बल्ब लख्ख पेटला. वीज परत नेणाऱ्या अर्थच्या वायरवर भार असताना 0.1 व्होल्टपेक्षाही कमी पडले, म्हणजे अर्थिंग चोख. मग कनेक्टर परत बसवून बॅटरी सोडवलीत आणि स्कॅनरच्या सॉकेटमध्ये 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये मीटर धरलात. तुमच्या हाताखालचा मुलगा काटा बघायच्या आधीच म्हणाला, ‘साठ ओहम यायला पाहिजे.’ साठच्या आसपासच आला. मी कारण विचारल्यावर त्यानेच समजावलं: मोड्यूल ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या पीळ घातलेल्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर म्हणून 60. एकशे वीस आला असता तर कुठेतरी एक टोक सुटलेलं. कोवळ्या वयात असं नेमकं शिकवणारा गुरू त्याला मिळालाय.

आणि मग तो हेअर ड्रायर. बॅटरी जोडून इंजिन चालू, स्कॅनरवर टीसीएमचे आकडे हलताहेत, आणि तो मुलगा फक्त मोड्यूलच्या डबीवर गरम हवा मारतोय. वायरिंगवर तुम्ही ओलं फडकं टाकून ठेवलं होतं. आम्ही तिघेही गप्प उभे. काही मिनिटांत स्क्रीनवरचे आकडे थिजले आणि टीसीएम यादीतून नाहीसा झाला. त्याच क्षणी तुम्ही वीज आणि अर्थ पुन्हा तपासलीत, दोन्ही जागच्या जागी. ड्रायर बंद केला, डबी निवली, आकडे परत हलू लागले. तुम्ही पुन्हा एकदा तेच करायला लावलंत. दुसऱ्यांदाही तसंच झाल्यावर मगच म्हणालात, ‘आता बदलायला हरकत नाही.’

मी उतावीळपणे एक जुना मोड्यूल आधीच मिळवून ठेवला होता. तुम्ही तो हातात घेऊन लेबल वाचलंत आणि बाजूला ठेवलात. दिसायला जुळा भाऊ, पण पार्ट नंबरचे शेवटचे आकडे वेगळे, शिवाय आत दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर आणि दुसऱ्या ॲक्सल रेशोचा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, त्याचा) हिशेब. तो बसवला असता तर गिअर भलत्याच वेगाला पडले असते, किंवा गाडीने त्याला ओळखलंच नसतं. तुम्ही रागावला नाहीत. ‘परत करता येतोय का बघा,’ एवढंच म्हणालात.

नवा मोड्यूल बसवायला वेळ लागलाच नाही: बॅटरीची निगेटिव्ह काढली, चार बोल्ट, एक कनेक्टर, झालं. वेळ गेला तो प्रोग्रॅमिंगला. आधी बॅटरीला चार्जर लावलात, दिवे, पंखा, सगळं बंद केलंत, आणि दार उघडायचं नाही म्हणून आम्हाला बजावलंत. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा कोरा मोड्यूलही निकामी होऊ शकतो. लॅपटॉपवरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि तुम्ही मीटरवरची नजर हटवत नव्हता. चेसिस नंबर, टायरचं माप, ॲक्सल रेशो, एकेक आकडा मला मोठ्याने वाचायला लावून मगच भरलात.

मी समजलो काम झालं. तुम्ही शेजारी येऊन बसलात. नवा मोड्यूल म्हणजे कोरी पाटी, माझ्या गिअरबॉक्सचे क्लच किती झिजलेत, कुठे किती दाब लागतो, हे त्याला अजून शिकायचं होतं. फ्लुइड तापेपर्यंत थांबलो. मग हलक्या पायाने सगळे गिअर, सावकाश थांबणं, पुन्हा तेच, पुन्हा तेच. पहिल्या काही फेऱ्यांत दुसरा गिअर ठेचकाळत पडला तसा माझा चेहरा उतरला. तुम्ही म्हणालात, ‘शिकतोय तो, घाई करू नका.’ सातव्या-आठव्या फेरीला तो ठेचकाळणं विसरला. तुम्ही उतरलात तेव्हा अंधार पडला होता.

जाता जाता तुम्ही बॉनेट पुन्हा उघडून वायरिंगला एक क्लिप लावलीत. आधी कुणीतरी ती काढून परत लावलीच नव्हती आणि वायरींचा जुडगा गरम पाइपाकडे झुकला होता. मी ते पाहिलंही नसतं, तुम्ही सांगितलंही नसतं. टॉर्च मी धरला होता म्हणून दिसलं.

कालच तेवढंच सामान भरून त्याच चढावर गेलो. माथ्यावर गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं, दिवा लागतो का बघत बसलो. लागला नाही. उतरून बॉनेट उघडलं, ती क्लिप जागेवर आहे. फ्लुइड परवाच पाहिलं, लाल आहे. हे तुम्हाला कळवायचं होतं, आणि त्या मुलालाही सांगा की साठ ओहमचं कारण मी आता दुसऱ्यांना समजावून सांगतो.

तुमचा ऋणी,
पिकअपवाला