५५८ वाल्यांना कळव्याहून नमस्कार

आकाशवाणी मुंबई अस्मिता वाहिनीच्या सगळ्या निवेदकांना आणि मालाडला ट्रान्समीटर सांभाळणाऱ्या सगळ्यांना,

हे पत्र मी खरं तर २०१२ सालीच लिहायला हवं होतं, राहून गेलं. त्या वर्षी आईचं काचबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यात दर दोन तासांनी ड्रॉप्स घालायचे होते आणि मी नोकरीला घाटकोपरला, घरी दिवसभर ती एकटी. घड्याळ दिसायचं नाही, मोबाईल तर तिला कधी जमलाच नाही. मग कपाटावरचा बाबांचा जुना ट्रान्झिस्टर काढला, नवे सेल घातले आणि लावलं मुंबई ब. आई अजून मुंबई बच म्हणते, अस्मिता नाही.

पहिल्या दिवशी नुसती खरखर. आमची बिल्डिंग रुळाला लागून, लोकल गेली की आवाज गायब, ट्यूबलाईट लावली की वेगळीच गुणगुण. शेजारच्या काकांनी सांगितलं की एएमची, म्हणजे मुंबई ब लागतं त्या मध्यम लहरींची, अँटेना सेटच्या आत आडवी असते, वरची दांडी ओढून काही होत नाही, अख्खा रेडिओच फिरव. फिरवत फिरवत त्याचं तोंड मालाडच्या दिशेला, पश्चिमेला केलं आणि एकदम स्वच्छ ऐकू आलं, "५३७.६ मीटर्स म्हणजेच ५५८ किलोहर्ट्झ". मधे येऊरचा एवढा डोंगर असून! खिडकीत त्या जागी मी खडूने खूण करून ठेवली, पुसताना कोणी हलवायला नको म्हणून.

तुम्ही मधे मधे वेळ सांगायचात ना, त्यावर आई ड्रॉप्स घालायची. "अकरा वाजले आहेत" ऐकलं की चाचपडत बाटली उचलायची, पांढऱ्या बाटलीला मी रबरबँड लावलेला आणि दुसरीला नाही, म्हणजे हाताला कळावं. एकही वेळ चुकली नाही तिची. संध्याकाळी मी घरी आले की बातम्या, नाट्यसंगीत, शेतकऱ्यांसाठी काय सांगितलं, सगळं मलाच ऐकवायची, कळव्यात बसून कांद्याच्या रोगाची काळजी करायची 😊

आणि सकाळी निवेदिकाबाई "नमस्कार" म्हणाल्या की आई पलंगावरूनच हात जोडून मोठ्याने "नमस्कार हो ताई" म्हणायची. घरात दुसरं कोणीच बोलायला नसताना तुम्ही होतात, याचे आभार कसे मानायचे मला खरंच कळत नाही. डॉक्टर म्हणाले औषध वेळेवर गेलं म्हणून उरलेली नजर टिकली. त्यात तुमचा मोठा वाटा आहे.

आई शेजारीच बसलीये, तिने तुम्हा सगळ्यांना नमस्कार सांगितलाय, आणि त्या ताईंना वेगळा.