चिनूच्या पित्ताशयाला निरोप पोचत नाही

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

काल फोनवर बाबांचा आवाज कापत होता. "एवढ्याशा पोराचं ऑपरेशन?" नाही हो बाबा, ऑपरेशन नाही. खडेही नाहीत. आणि आपण 'पित्त झालं' म्हणतो ती जळजळ तर मुळीच नाही.

सोमवारी चिनूला उपाशीपोटी सोनोग्राफीला नेलं. पित्ताशय भरलेलं, जरा मोठंच दिसलं. मग त्याला सायीचं दूध आणि लोण्याचा गोळा दिला. लोणी त्याने बोटाने चाटूनपुसून संपवलं. पाऊण तासाने पुन्हा पाहिलं, तर पित्ताशय होतं तेवढंच. खरं तर एव्हाना ते चांगलं आकसायला हवं होतं.

दोष पित्ताशयाचा नाही. तूप-लोणी लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. त्याचा निरोप मिळाला की पित्ताशय आकसतं आणि पित्तरस अन्नात उतरतो. चिनूला जो सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे, त्यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याचा नेमका तोच भाग झिजतो. निरोपच निघत नाही, तर ते बिचारं काय करणार? गहू पूर्ण बंद ठेवला की आतडं भरून येतं आणि पित्ताशयही पुन्हा काम करू लागतं, असं डॉक्टर म्हणाले. तूप बंद करायला त्यांनी सांगितलेलं नाही. तेव्हा बाबा, त्याच्या भातावर तूप वाढा, बिनधास्त.

आई, दिवाळीत तू त्याला "एका करंजीने काय होतंय" म्हणून दिलीस. मायेनेच दिलीस, मला माहीत आहे. पण नंतर दोन दिवस तो पोट धरून बसला होता गं. याला 'थोडंसं' चालतच नाही. हिंगाच्या डबीतही बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, म्हणून त्याच्या आमटीला नुसती जिरे-मोहरीची फोडणी दे. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारीही नको. पीठ मी इथूनच दळून आणते. त्याच्या भाकरीसाठी परात आणि तवा तेवढा वेगळा काढून ठेव. तुझ्या हातची भाकरी तो पापुद्र्यापासून खातो, आधी पापुद्रा, मग बाकीची. कधी जायचं म्हणून रोज विचारतो.

हा आजार घराण्यातून येतो, म्हणून मीही सिलिअ‍ॅक ओळखण्यासाठीची टीटीजी ही रक्ततपासणी केली. रिपोर्ट यायचा आहे. आई, इतकी वर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही तुझं हिमोग्लोबिन वर येत नाही, ते माझ्या मनातून जात नाही. तूही ही तपासणी करून घे. फक्त तोवर पोळी सोडू नकोस, नाहीतर रक्तात काही दिसणार नाही. बाबा, तिला या आठवड्यातच घेऊन जा. ती 'बघू' म्हणेल, ऐकू नका.

तुमची,
मनू