आधी माग, मग कापड

इचलकरंजी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी मँचेस्टरची व्हिटवर्थ गॅलरी बघायला जाणार म्हणालीस. जा, पण सकाळी उठून थेट तिथे नको. आधी लिव्हरपूल रोडवरचं सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम कर, मग वाटेत रॉयल एक्स्चेंज, म्हणजे जुना कापूसबाजार, आणि जेवून-खाऊन दुपारी व्हिटवर्थ. चालू माग बघितलेला नसला की काचेमागचं कापड नुसतं कापडच दिसतं.

म्युझियम जुन्या रेल्वे स्टेशनाच्या आवारात आहे. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १५ सप्टेंबर १८३० ला सुरू झाली, तिचं मँचेस्टरचं टोक ते हेच. बंदरात उतरलेला कापूस या रुळांवरून आत यायचा. तिकीट नाही, पण ऑनलाइन वेळ नोंदवून ठेव. आणि आत शिरल्या शिरल्या काउंटरवर विचार, कापडाच्या दालनातली यंत्रं आज किती वाजता चालवणार आहेत. ते हुकलं तर उरतं ते थंड लोखंड.

यंत्रं सुरू झाली की सगळी गर्दी मागाकडे धावते, आवाज त्याचाच मोठा. तू एका कोपऱ्याला उभी राहा, म्हणजे फणीही दिसेल आणि कडेचा काटाही. तीन हालचाली वेगळ्या करून बघ. ताण्याचे, म्हणजे उभे, निम्मे धागे वर, निम्मे खाली होऊन फट पडते. त्या फटीतून आडव्या धाग्याची, म्हणजे बाण्याची, कांडी घेऊन धोटा जातो. मग फणी पुढे येऊन बाण्याला ठोका देते. जुना लँकेशायर माग, म्हणजे मँचेस्टरभोवतालच्या मुलखातला, हे मिनिटाला दोनशेच्या आसपास करतो. त्यामुळे पहिल्या मिनिटात काहीच कळणार नाही, नुसता खडखडाट. दुसऱ्या मिनिटाला नजर फक्त काट्यावर लाव.

तो काटा जेवणाच्या काट्याएवढाच असतो. बाण्याचा धागा त्याच्या दातांना टेकला की त्याची शेपटी उचलली जाते आणि माग चालू राहतो. कांडी संपली किंवा बाणा तुटला, की दात जाळीतून आरपार जातात, शेपटी खालीच राहते, तिला हूक पकडतो आणि माग बंद पडतो. गंमत अशी की काटा एकाच बाजूला असल्यामुळे दर दुसऱ्या फेरीलाच तपासणी होते. एखादा बाणा रिकामा गेलेला असतोच. विणकराने माग हाताने मागे फिरवून तो नेमका शोधला नाही, तर कापडात आडवी पातळ पट्टी राहते. फार मागे घेतलं तर जाड. ताण्याचा धागा तुटला तर हा माग थांबत नाही. तो तुटका धागा शेजारच्यांत गुरफटून जाळी होत जाते, ती डोळ्यांनीच पकडायची. लँकेशायरचा विणकर असे चार माग सांभाळायचा, मुंबईचा बहुधा दोन. याचा अर्थ आपला माणूस आळशी, असं तिकडचे लिहायचे. ओली हवा आणि चांगलं सूत असलं की तुटणं कमी होतं, हे सोयीने विसरून.

माग चालवून दाखवणाऱ्या बाईंना किंवा बुवांना धोट्याचा डोळा दाखवायला सांग. नवी कांडी घातली की धागा त्या भोकातून बाहेर यावा म्हणून विणकर तोंड लावून तो ओढून घ्यायचे. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागायचा, त्यातून रोग पसरायचे, शिवाय धूळ पोटात जायची ती वेगळीच.

तिथून रॉयल एक्स्चेंजकडे चालत निघालीस की लिंकन स्क्वेअरमधून जा. अमेरिकेतल्या यादवीत कापूस अडला, गिरण्या बंद पडल्या, तरी मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. त्याने जानेवारी १८६३ मध्ये पाठवलेल्या उत्तरातला मजकूर पुतळ्याखाली कोरलाय. तोच कापूस अडल्यामुळे मुंबईत पैशांचा पूर आला होता आणि १८६५ मध्ये तो ओसरल्यावर लोक भिकेला लागले. एक्स्चेंजमध्ये आता नाट्यगृह आहे. आत गेलीस की मान वर कर: शेवटच्या दिवसाचे, १९६८ चे भाव फलकावर अजून तसेच आहेत. दहा मिनिटं पुरे.

आता व्हिटवर्थ. ऑक्सफर्ड रोडने दक्षिणेकडे जाणारी बस घे. सोमवारी बंद असते. सर जोसेफ व्हिटवर्थच्या पैशांतून १८८९ मध्ये ती उभी राहिली, आणि हा माणूस तुला आपल्या मागांच्या शेडमधून माहीत आहे. बोल्टच्या आट्यांचं माप याने १८४१ मध्ये ठरवून दिलं: कोन ५५ अंश, चार सुती (अर्धा इंची) बोल्टला इंचाला १२ आटे. जुन्या मागांवर मेट्रिक पाना घसरून नटाचे कोपरे गोल होतात ना, ते याच्यामुळे. याच्या पान्यावर नटाची रुंदी नसते, बोल्टची जाडी लिहिलेली असते. याने षटकोनी नळीची रायफलही काढली, आणि ती लिंकनच्या शत्रूंच्या नेमबाजांच्या हातात पोचली. कामगार एका बाजूला, रायफल दुसऱ्या.

गॅलरीत चित्रं आहेत, पण तू कापड आणि वॉलपेपर गाठ. दालन अंधारं वाटेल. जुन्या कापडावर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. पाच मिनिटं थांब, डोळे सरावतात. फ्लॅश तर नकोच. कापड सतत बदलत ठेवतात, म्हणून अमुक एक तुकडा दिसेलच असं धरून जाऊ नकोस.

छापील कापड दिसलं तर ठशाचं की रोलरचं ते आधी ठरव. ठशाचं असेल तर दोन ठशांच्या सांध्यावर रेघ किंचित दुहेरी होते किंवा केसभर फट राहते, आणि चूक प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. रोलरची नक्षी रोलरच्या घेराएवढ्या अंतरावर पुन्हा येते आणि चूकही तिच्याबरोबर परत येते. कधी ताण्याच्या दिशेने एक बारीक लांब रेघ दिसेल. तांब्याच्या रोलरवरचा जादा रंग खरवडणाऱ्या पोलादी पात्याला छपाईवाले डॉक्टर म्हणतात. त्याच्याखाली कण अडकला किंवा धारेला खाच पडली की अशी रेघ पडते.

विणलेली नक्षी असेल तर पाठ बघायला मिळाली पाहिजे. पैठणीच्या पदराला दोन्हीकडून सारखंच रूप असतं, कारण प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या जागेपुरताच जाऊन शेजारच्यात अडकून परततो. जॅकार्डच्या, म्हणजे यंत्राने नक्षी उचलणाऱ्या मागावरच्या, नकलेत मागे मोकळे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. काचेतून हे दिसत नाही. त्यासाठी काही आठवडे आधी ईमेल करून अभ्यासिकेची वेळ माग. काय बघायचंय ते नेमकं लिही: "भारतीय कापड" नको, "नक्षीची पाठ बघायची आहे" असं.

पुढच्या वेळी प्रेस्टनला जा. तिथल्या हॅरिस संग्रहालयात भारतीय कापडाचे नमुने जमवणाऱ्या फोर्ब्स वॉटसनच्या १८६६ च्या नमुनावह्या आहेत: १८ खंड, ७०० तुकडे, असे २० संच. तेरा ब्रिटनमध्ये ठेवले आणि सात भारतात. धोतर, पागोटं, लुगडं किती लांब, किती रुंद, काठ केवढा, सगळं कापून चिकटवलंय. आपलं नेसण मागावरूनच पुरं होऊन उतरतं, शिंप्याकडे जात नाही, हे तिथल्या गिरणीवाल्यांना कळावं म्हणून हा खटाटोप. मादापोलमचंच बघ: आंध्रातलं हे विणकरांचं गाव, त्याच्या नावाचं कापड लँकेशायरने विणलं.

तुझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आईने पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायची भिंग, ठेवली आहे, घडीची, एक इंच खिडकीची. शुक्रवारी रात्री चादरीवर ठेवून ताणा आणि बाणा वेगवेगळे मोज, सुईच्या टोकाने एकेक धागा सरकवत. तीन ठिकाणी मोजून सरासरी काढ, काठाजवळ मोजू नकोस, तिथे धागे दाटीने असतात. गॅलरीत ती बाहेर काढू नकोस, रखवालदार उगाच मागे लागेल.

तुझा
बाबा