बाळंतपण भांडुपलाच

भांडुप, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई रडते आणि बाबा ‘नंतर बोलू’ म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहून पाठवते आहे. बाळंतपणाला मी चिपळूणला येणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे मला कुणी सांगायला नको. पडवीला लागून असलेली खोली आईने आवरून ठेवली आहे, तेही ताईने कळवलं. पण माझं नाव परळच्या केईएम रुग्णालयात घातलंय आणि ते तिथेच राहणार. तुम्ही दोघांनी इकडे यायचं आणि निदान दोन महिने राहायचं, एवढं मागणं आहे.

कारण माझा आजार, बायपोलर: कधी मन भलतंच उसळतं, कधी पार खचतं. तो असलेल्या बाईच्या आयुष्यात बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. लग्न, नोकरी, कुणाचं जाणं यांतल्या कशाहीपेक्षा जास्त. हार्मोन्स एकदम उतरतात आणि त्याच वेळी रात्रीची झोप जाते. आई, तू म्हणालीस की नऊ महिने गोळ्या बंद ठेव, बाळासाठी. २०१६ साली बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. बायपोलर असलेल्या ज्या बायका गरोदरपणात औषधाविना राहिल्या, त्यांच्यातल्या शंभरात ६६ जणींचा आजार बाळंतपणानंतर उलटला. औषध चालू ठेवलेल्यांत हाच आकडा २३ होता. तेवीससुद्धा कमी नाहीत, म्हणून तर एवढी तयारी चाललीय. पण सहासष्टच्या बाजूला मी स्वतःहून जाणार नाही.

गोळ्यांनी बाळाला काय होईल ही तुझी काळजी खोटी नाही. लग्नाआधी मी जी घेत होते ती व्हॅल्प्रोएट. पोटात बाळ असताना ती घेतली तर शंभरातल्या साधारण दहा बाळांत जन्मतः व्यंग असतं, आणि तीस-चाळीस मुलांना पुढे बोलण्या-शिकण्यात अडचणी येतात. मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला ही गोळी शक्यतो देऊच नये, असं आता डॉक्टर मानतात. माझ्या डॉक्टरांनी ती दिवस जाण्याच्या खूप आधी, हळूहळू कमी करत काढली आणि लिथियम सुरू केलं. लिथियमनेही बाळाच्या हृदयाला थोडा धोका असतो, मात्रा जास्त तसा जास्त. म्हणून मात्रा कमीत कमी ठेवली आणि पाचव्या महिन्यात बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी केली. ती नीट आली, हे तुम्हाला माहीत आहेच. सगळ्या बायकांना लिथियमच देतात असं नाही. कुणाला लॅमोट्रिजिन मानवतं, कुणाला दुसरं काही. म्हणून शेजारच्या काकूंच्या भाचीचा अनुभव मला कळवू नकोस. तिची गोळी तिची.

आता चिपळूण का नाही ते. गरोदरपणात मूत्रपिंडं जास्त काम करतात, लिथियम शरीरातून भराभर निघून जातं आणि रक्तातलं प्रमाण घसरतं. म्हणून वारंवार रक्त तपासून मात्रा बदलत राहावी लागते, शेवटी शेवटी तर दर आठवड्याला. बाळ बाहेर आलं की सगळं उलटं होतं. मूत्रपिंडं पूर्वपदावर येतात आणि त्याच गोळीने प्रमाण भसकन वर जाऊ शकतं. रिपोर्टमधला लिथियमचा आकडा साधारण ०.६ ते १ या मधल्या पट्ट्यात राहायला हवा असतो. दीडच्या वर गेलं की हातपाय थरथरणं, उलट्या, तोल जाणं सुरू होतं. बाबा, तुम्हीच चौकशी केलीत की तिथून लिथियमचं रक्त बाहेर पाठवतात आणि रिपोर्टला वेळ लागतो. बाळंतीण बाईला त्या पहिल्या आठवड्यात तेवढा वेळ नसतो. परळला मनोविकार विभाग आणि प्रसूती विभाग एकाच आवारात आहेत, नायर आणि सायनलाही तसंच आहे. प्रसूतीच्या दिवशी गोळी किती थांबवायची आणि नंतर किती तासांनी पुन्हा द्यायची, हे दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतात. रांगा मोठ्या आहेत, बाकडी मोडकी आहेत, ते मी सोसेन.

आई, तुझ्या पथ्यपाण्याबद्दलही इथेच सांगते, नाहीतर तू शेगडी बांधून आणशील. डिंकाचे, अळिवाचे लाडू भरपूर आण. पण शेक नको. घाम फार गेला, पाणी कमी पडलं की लिथियम वाढतं. ‘बाळंतिणीला पाणी कमी द्यावं’, ‘मीठ तोडावं’ हे तर अजिबात नको. मीठ अचानक कमी केलं तरी तेच होतं. बाळंतकाढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण काही काढ्यांनी लघवी जास्त होते. आणि टाके दुखतात म्हणून कुणी आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं, तर ‘ही लिथियमवर आहे’ असं मोठ्याने सांगायचं. त्याही गोळ्या लिथियम रक्तात अडकवून ठेवतात. पॅरासिटामॉल चालतं. हे मी चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावणारच आहे, पण तेव्हा मी कशी असेन सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला तोंडपाठ हवं.

दूध. लिथियम अंगावरच्या दुधातून बाळाच्या पोटात जातं, म्हणून आमचं वरचं दूध द्यायचं ठरलंय. भेटायला येणाऱ्या बायका यावर बोलणार. त्यांच्यासमोर तू माझी बाजू घ्यायची, नुसतं गप्प बसून चालणार नाही. आणि वरच्या दुधाचा मला मोठा फायदा आहे: रात्री उठायला मीच लागते असं नाही. मला सलग सहा तास झोप हवी. गोळीइतकंच औषध आहे ते. रात्री तुमचा जावई निखिल बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत झोपेल, पहाटे चारनंतर आई तू. तुझे गुडघे पाहता अख्खी रात्र मी तुझ्यावर टाकणार नाही. बाबा, तुमच्याकडे रक्ताचं काम. आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं: रात्री नऊची गोळी, तर सकाळी नऊला लॅबमध्ये. रिपोर्ट वहीत लिहायचे. वर्षानुवर्षं बँकेचं पासबुक जपणाऱ्या माणसाला हे काय अवघड.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते. दुसऱ्या वर्षाला असताना मी रात्र रात्र जागून सगळ्या नातेवाइकांना फोन करत होते आणि तुम्हाला वाटलं अभ्यासाचा ताण आहे. तसं पुन्हा झालं तर ओळखायचं कसं? बाळ असलेली प्रत्येक बाई कमी झोपते, त्याने घाबरू नका. पण बाळ झोपलंय, घर शांत आहे, सगळे म्हणताहेत पड जरा, आणि तरी मला झोप नकोच आहे, दोन तास झोपून मी टवटवीत आहे, भरभर बोलते आहे, बारशाला चारशे माणसं बोलवायच्या गोष्टी करते आहे: त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. किंवा उलट, बाळाकडे बघतही नाही, मी आई व्हायला नालायक आहे असं म्हणते. किंवा बाळाबद्दल काहीतरी विचित्र बोलते, ते आपलं नाही, त्याच्यात कुणी शिरलंय, असं. तेव्हा फोनसुद्धा नाही, सरळ इमर्जन्सीत न्यायचं. आणि तोपर्यंत मला बाळाजवळ एकटीला ठेवायचं नाही. मी कितीही रडले, ओरडले, तुला वाईट बोलले तरी नाही. आई, हे तुला जमलं पाहिजे. मध्यरात्री काय करावं कळेना तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

बाबांनी विचारलं होतं, दाखल केलं तर बाळ काढून घेतील का. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की तीन वर्षांखालचं मूल आईपासून एरवी वेगळं करायचं नाही, आईच्या आजारामुळे मुलाला इजा होण्याचा धोका असेल तेवढा काळ सोडून. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकारांच्या रुग्णालयात तर आई आणि बाळ एकत्र राहतील असा वेगळा विभाग आहे. आपल्याकडेही ठिकठिकाणी तसा हवा, पण ते भांडण पुन्हा कधीतरी. त्याच कायद्याप्रमाणे मी निखिलला आजारपणात माझ्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमलंय, साध्या कागदावर सही करून. बाबा, तुमच्याऐवजी तो का, याचा राग मानू नका. तो रात्रीबेरात्री इथे हजर असतो.

बाळालाही हा आजार होईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आहे. एका पालकाला असेल तर साधारण दहातल्या एका मुलाला होतो. झालाच, तर घरात ओळखणारे लोक असतील. मला तेवढंही मिळालं नव्हतं, आणि त्यात तुमचा दोष नाही, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आईने ग्रामदेवतेला कौल लावला त्याचाही मला कधी राग आला नाही. आताही लाव. गोळी चालू असली की झालं.

आत्याला काय सांगायचं हा प्रश्न राहतो. खरं सांगायला माझी हरकत नाही, तुमची असेल तर सांगा की जावयाला सुट्टी नाही. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत आम्ही दोघं समुपदेशनाला जातो. तुम्ही आलात की एकदा तुम्हालाही नेणार आहे. तिथे घरच्यांशीही बोलतात, आणि माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा बाबा त्यांचं जास्त ऐकतील.

मांडवी एक्सप्रेस ठाण्याला थांबते, निखिल घ्यायला येईल. तारखेच्या तीन आठवडे आधीचं तिकीट काढा, आईला खालचा बर्थ. परतीचं आत्ता काढू नका.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, येताना माझी जुनी फाइल आणा, कपाटातली निळी. पहिल्या वेळी कोणती गोळी किती दिवसांनी लागू पडली, ते इथल्या डॉक्टरांना हवंय.