आधी नळ द्या, मालकीचा कागद नंतर बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शहरातली गरिबी कमी करायची म्हटलं की चर्चा लगेच रोजगार, कर्ज, अनुदान याकडे वळते. ते सगळं हवंच, पण आधी घरात नळ आणि दाराबाहेर बंदिस्त गटार द्या असं मला कळकळीने सांगायचंय, कारण नळ नसलेल्या घराची कमाई पण पाण्यात जाते आणि वेळ पण.

हिशोब करून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणशी रोज 50 ते 100 लिटर पाणी लागतं. घरात पाच माणसं आणि कमीत कमी आकडा धरला तरी 250 लिटर झाले, म्हणजे 250 किलो वजन, 20 लिटरच्या कॅनने बारा-तेरा खेपा, आणि त्या बहुतेक ठिकाणी घरातली बाई नाहीतर शाळेत जाणारी मुलगीच मारते. पाणी कधी येईल याचा नेम नसला की एक माणूस कामाला खाडा करून रांगेत थांबतो, रोजंदारीवाल्याची त्या दिवसाची मजुरी गेली. ज्यांना हेही जमत नाही ते टँकरचं नाहीतर कॅनचं पाणी विकत घेतात, आणि ते लिटरमागे नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. ज्याच्या खिशात कमी त्यानेच जास्त मोजायचे, हा सरळ अन्याय आहे.

शिवाय पाणी तासभर येऊन गेलं की पाइप रिकामे होतात, मग शेजारच्या उघड्या गटाराचं घाण पाणी जोडांतून आणि भेगांतून आत ओढलं जातं आणि पुढच्या वेळी तेच नळातून घरात. पोरांना जुलाब, मग औषधाचा खर्च आणि परत खाडा.

हे बदलता येतं. कंबोडियात नॉम पेन्ह शहरात 1993 साली 72 टक्के पाणी गळतीत आणि चोरीत जायचं. ‘एक सोन चान’ नावाच्या अधिकाऱ्याने पाणीपुरवठ्याची सूत्रं हातात घेतल्यावर मीटर बसवले, पाइप बदलले, बिल न भरणाऱ्या बड्या लोकांकडून आणि सरकारी कार्यालयांकडूनसुद्धा वसुली केली, आणि गरिबांना जोडणीच्या खर्चात सूट आणि हप्ते दिले. पुढे गळती-चोरी 6 टक्क्यांच्या आसपास आली आणि पाणी चोवीस तास. घरातल्या साध्या सोयीनेसुद्धा आजार कमी होतात: मेक्सिकोत तर 2000 पासून कोआविला राज्यात गरिबांच्या घरातल्या मातीच्या जमिनीवर नुसता सिमेंटचा कोबा घालून दिला, तर मुलांचे जंत, जुलाब, अॅनिमिया बरेच कमी झाले.

आता नेहमीचा आक्षेप, की अनधिकृत वस्तीला नळ दिला की वस्ती वाढते. अहो, माणसं शहरात कामासाठी येतात, नळासाठी कोणी गाव सोडत नाही! पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क आहे हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2010 मध्येच मान्य केलंय. मग जोडणीच्या अर्जातून मालकीच्या पुराव्याची अट काढायला काय हरकत आहे? पाण्याचं बिल म्हणजे जागेची मालकी नाही असं त्याच अर्जावर छापा, मीटर लावा, जोडणीचा खर्च एकदम न मागता दर महिन्याच्या बिलात थोडा थोडा घ्या. टँकरला रोज पैसे मोजणारं घर हे बिल नक्की भरेल.

आपली,
एक वाचक