फिरत्या पट्ट्या, वळणारे डोके आणि कॅमेरा

महोदय,

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतून विच्छेदन काढून टाकले. योग्यच झाले. पण त्या तासाला अनेक ठिकाणी मुले संगणकावरची चित्रे बघत बसतात, याचे वाईट वाटते. जिवंत प्राण्याला इजा न करता त्याची नजर मोजण्याचे एक प्रात्यक्षिक सावंतवाडीपासून दापोलीपर्यंत कुठल्याही महाविद्यालयात होऊ शकते.

भोवती उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या फिरू लागल्या की प्राण्याचे डोके आपोआप त्यांच्यामागे वळते. पट्ट्या दिसेनाशा होण्याइतक्या बारीक झाल्या की वळणे थांबते. दृष्टिपटलाच्या आजारांवरील उपचार उंदरांवर तपासताना हीच पद्धत वापरतात. संशोधक प्रस्की आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चार पडद्यांच्या चौकोनात उंदीर ठेवून ती मांडली, तेव्हा डोके वळले की नाही हे माणूस बघून ठरवत असे. आता ते काम संगणक करतो.

आपल्याकडे गावठी कोंबडीचे पिल्लू चालेल. मात्र प्राणी-नीती समितीची परवानगी आधी घ्यावी. पिल्लाभोवती फिरणारा उभा पोकळ ढोल ६० सेंमी व्यासाचा, आतल्या भिंतीवर ३६ काळ्या आणि ३६ पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येकी साधारण २.६ सेंमी रुंद. कागद नको, पावसाळ्यात तो फुगतो आणि पट्ट्या वाकड्या होतात. मॅट फ्लेक्स घ्यावा. वेग मिनिटाला २ फेरे, म्हणजे सेकंदाला १२ अंश. ढोल पोकळ बेअरिंगवर बसवून पिल्लाचा स्टँड त्या भोकातून वर आणावा, म्हणजे मोटारीची थरथर पिल्लाच्या पायांना लागत नाही. स्टँडचा माथा लहानच हवा. मध्यावर काळी-पांढरी जोडी १० अंशांची दिसते. पिल्लू भिंतीपासून २० सेंमीवर सरकले तर तीच जवळजवळ १५ अंशांची होते आणि मोजमापाला अर्थ उरत नाही.

खरी गडबड होते ती चित्रीकरणात. मोबाइल सेकंदाला किती चौकटी (फ्रेम) घेतो ते उजेडानुसार बदलते, त्यामुळे चौकटी मोजून वेळ काढली की ती चुकते. चौकटींचा वेग, फोकस आणि उजेड कायम करणारे ॲप वापरावे. चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ३० चौकटींच्या चित्रीकरणात त्याची लाट दिसते आणि रिकाम्या स्टँडचे चित्र (पार्श्वभूमी) वजा करून पिल्लाची हालचाल शोधणारा संगणकाचा प्रोग्राम तिलाच हालचाल समजतो. २५ किंवा ५० चौकटी ठेवल्या की ती जाते. वरून घेतलेल्या चित्रात पट्ट्या दिसत असतील तर प्रोग्राम त्यांचाही माग काढतो, म्हणून स्टँडपुरताच भाग कापून घ्यावा. पिल्लाने माथ्यावर शीट टाकली तर पुसून पार्श्वभूमी नव्याने घ्यावी. आणि वातानुकूलित खोलीतला कॅमेरा बाहेर आणला की भिंगावर वाफ धरते. अर्धा तास तसाच ठेवावा.

डोके ५० पिक्सेल लांबीचे दिसत असेल तर चोचीचे टोक एक पिक्सेल चुकले तरी कोन एक अंशाहून जास्त चुकतो. सेकंदाला २५ चौकटी असतील तर ढोल दर चौकटीला अर्ध्या अंशाहूनही कमी फिरतो. म्हणजे लागोपाठच्या दोन चौकटींतला फरक बहुतांशी चूकच असते. अर्ध्या सेकंदाची सरासरी घ्यावी, तेवढ्यात ढोल ६ अंश फिरलेला असतो. पिल्लू पट्टीमागे हळू जाते आणि मग झटक्यात मागे येते. हा झटका उलटे वळणे म्हणून मोजला जाऊ नये, ढोलापेक्षा खूप वेगवान हालचाली वेगळ्या काढाव्यात. शिवाय एकदा नुसत्या करड्या फ्लेक्सचा ढोल फिरवून बघावा. तरीही डोके वळत असेल तर ते पट्ट्यांमुळे नव्हे, मोटारीच्या आवाजासारख्या दुसऱ्या कशामुळे तरी.

संगणकाचा आकडा वहीत लिहिण्याआधी एका विद्यार्थ्याला फक्त कापलेला व्हिडिओ दाखवा, ढोल कुठल्या दिशेने फिरला ते सांगू नका. त्याला दिशा ओळखता आली नाही आणि प्रोग्रामला मात्र आली, तर आधी प्रोग्राम तपासा.

– प्राणिशास्त्राचे काही शिक्षक, रत्नागिरी जिल्हा