बोटीसाठी व्हॅक्यूम क्लिनर निवडताना

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या साफसफाईनिमित्त आपल्या पुरवणीत व्हॅक्यूम क्लिनरच्या निवडीविषयी आलेला लेख घरगुती वापरापुरता उपयुक्त होता. मात्र आपले दैनिक शहरातील सदनिकांपुरतेच वाचले जात नाही. चिकोडी, अथणी, रायबाग या तालुक्यांतील कृष्णाकाठचे नाववाले, हिडकल जलाशयावर मासेमारी करणारे आणि घाटाखाली कारवारला काळी नदीच्या मुखाशी पर्यटकांच्या बोटी चालवणारे लोकही ते वाचतात. फायबरच्या आणि हवेच्या रबरी बोटी वाढल्यापासून ही मंडळीही व्हॅक्यूम क्लिनर विकत घेऊ लागली आहेत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मोटर रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळण्याचे, काम करत असल्यामुळे त्यांची जळालेली यंत्रे माझ्यापर्यंत येतात. त्यांतली बहुतेक घरासाठी बनवलेली असतात आणि ती दुरुस्त होण्यापलीकडे गेलेली असतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दुकानात गेल्यावर गिऱ्हाईक प्रथम खोक्यावरचा वॅटचा आकडा पाहते. हा आकडा यंत्र किती वीज खाते ते सांगतो. ते किती ओढते हे त्यावरून कळत नाही. ओढण्याची ताकद हवेचा प्रवाह आणि दाब या दोहोंच्या गुणाकारावर ठरते, आणि ती एअर वॅट या एककात दिलेली असते. किलोपास्कलचा आकडा त्यातला नुसता दाब सांगतो. घरात भिंतीतून २३० व्होल्ट अखंड मिळत असल्याने हा फरक फारसा बोचत नाही, पण बोटीवर तोच सर्वांत महाग पडतो. १२०० वॅटचे घरगुती यंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालवायचे म्हटले, तर बॅटरीतून सुमारे १०० अँपिअर निघतात, आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर तो आकडा ११५ च्या आसपास जातो. १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा खाली उतरवू नये, हा नियम बॅटरीवाला प्रत्येकाला सांगतोच. त्या हिशेबाने कागदावर २६ मिनिटे मिळतात. प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी मिळतात, कारण बॅटरीवर छापलेली क्षमता वीस तास सावकाश वीज काढण्याच्या हिशेबाने ठरवलेली असते आणि एकदम मोठा प्रवाह ओढला की ती घटते. पुष्कळ लहान बोटींवर इंजिन सुरू करणारी बॅटरीही हीच असते. पाण्याच्या मध्यावर बसून गाद्या साफ केल्या आणि परतताना स्टार्टरने नुसता टकटक आवाज केला, अशी वेळ कोणावरही येऊ नये.

म्हणून माझे मत असे आहे की बोटवाल्याने आधी आपल्या बोटीवर वीज कुठून येते ते ठरवावे आणि मगच यंत्र बघावे. बोट कायम जेटीला लागत असेल आणि काठावर विजेची सोय असेल, तर २३० व्होल्टचे यंत्र घ्यायला हरकत नाही. मात्र त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, आणि एक्स्टेन्शनचा जोड पाण्यावर लोंबकळत न ठेवता काठावरच, कोरड्या जागी, उंचावर असला पाहिजे. बोटीवर माणूस अनवाणी असतो, पाय ओले असतात, हात ओले असतात. अशा अंगाला २३० व्होल्टचा झटका घरातल्यापेक्षा फार वाईट बसतो. मोटारगाडीच्या लायटर सॉकेटवर चालणारे लहान यंत्र स्वस्त मिळते, पण त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असल्यामुळे १२० ते १८० वॅटच्या वर ते जाऊच शकत नाही. आसनावरचा चुरा त्याने निघतो. ओली वाळू निघत नाही.

ज्यांची बोट लहान आहे आणि काठावर वीज नाही, अशांना मी सुट्या बॅटरीचे, ओले-सुके दोन्ही ओढणारे रिचार्जेबल यंत्र सुचवतो. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॅट-तास साठतात, म्हणजे १८० वॅटचे यंत्र जवळपास अर्धा तास चालते. दोन बॅटऱ्या घरी चार्ज करून पिशवीत घालून नेल्या की बोटीच्या बॅटरीला हात लावावा लागत नाही. ड्रिल, ग्राइंडर अशी हत्यारे ज्यांच्याकडे आधीच आहेत, त्यांनी त्याच जातीच्या बॅटरीवर चालणारे यंत्र बघावे, खर्च बराच वाचतो. एवढेच की लिथियमच्या बॅटऱ्या एप्रिल-मे महिन्यांत बोटीच्या बंद केबिनमध्ये ठेवून येऊ नये. उष्णतेने त्या लवकर मरतात.

पाण्याचा प्रश्न यानंतर येतो. साध्या कोरड्या यंत्रात जी हवा ओढली जाते तीच पुढे मोटरवरून जाऊन तिला थंड ठेवते, त्यामुळे नळीतून थोडे जरी पाणी आले तरी ते थेट मोटरच्या वाइंडिंगवर, म्हणजे तारेच्या गुंडाळीवर, बसते. ओल्या-सुक्या यंत्रात मोटर थंड करणारी हवा वेगळ्या मार्गाने येते आणि पाणी खालच्या ड्रममध्ये पडते. ड्रमच्या झाकणाखाली जाळीदार पिंजऱ्यात प्लास्टिकचा चेंडू असतो, त्याला फ्लोट म्हणतात. पाणी वर आले की तो तोंड बंद करतो, मोटरचा आवाज चढतो आणि ओढणे थांबते. जमिनीवर ही व्यवस्था चोख चालते. बोट मात्र हलत असते, आणि ड्रम पाऊण भरलेला असताना एक हेलकावा बसला तर फ्लोट उचलण्याआधीच पाणी वर उडते. साबणाचा फेस असेल तर आणखी वाईट, कारण फेसावर फ्लोट तरंगत नाही आणि फेस सरळ मोटरमध्ये जातो. बोटीवर ड्रम अर्ध्याच्या वर भरू देऊ नये. तळात खूप पाणी साचले असेल तर ते आधी पंपाने किंवा डब्याने काढावे आणि शेवटचा चिखल तेवढा यंत्राने घ्यावा. वीस लिटरचा ड्रम भरला तर पाण्याचेच वजन वीस किलो होते, ते कठड्यावरून उचलताना माणसाचा तोल जातो. लहान बोटीला दहा-पंधरा लिटरचा ड्रम पुष्कळ होतो.

कारवारहून आलेली यंत्रे उघडली की समुद्राचे काम लगेच दिसते. आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, टोकाला तांब्याच्या ज्या पट्ट्या असतात त्यांच्यावर हिरवट थर चढलेला असतो, त्या पट्ट्यांना घासून वीज पोचवणारा कार्बन ब्रश आपल्या खोबणीत अडकून बसलेला असतो आणि त्यामुळे ठिणग्या वाढून पट्ट्यांच्या कडा काळ्या पडलेल्या असतात. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे आठवडाभर कपाटात ठेवलेले यंत्रही आतून सुकत नाही. समुद्रावर वापरणाऱ्यांनी काम संपल्यावर थोडे गोडे पाणी नळीतून ओढून घ्यावे, ड्रम धुऊन पुसावा आणि यंत्र काही मिनिटे कोरडेच फिरवावे. स्टीलच्या ड्रमपेक्षा प्लास्टिकचा बरा. ड्रम स्टेनलेसचा असला तरी त्याच्या क्लिपा आणि चाकांच्या आसा बहुधा साध्या लोखंडाच्या असतात आणि गंज तिथूनच सुरू होतो.

कृष्णाकाठी वेगळी अडचण आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आपल्या भागात हवेच्या रबरी बोटींचे महत्त्व सगळ्यांनाच पटले आहे. पूर ओसरला की या बोटी घड्या घालून ताडपत्रीखाली ठेवल्या जातात, पण लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या फळ्यांखाली आणि फुगवट्याच्या सांध्यात गेलेला गाळ तसाच राहतो. तो सुकून वाळूसारखा खरखरीत होतो आणि पुढच्या खेपेला माणसांच्या वजनाखाली कापडाला आतून घासत राहतो. पाईपने पाणी मारले की तो आणखी आत सरकतो. अशा बोटीसाठी यंत्र घेताना ताकदीपेक्षा चपटे, लांब, अरुंद तोंड मिळते का ते पाहावे, फळ्या काढून सांधा पूर्ण सुकवावा आणि मग गाळ ओढून घ्यावा. फिल्टर धुता येणारा असावा, कारण कृष्णेचा बारीक गाळ कागदी पिशवी लगेच बुजवतो. फायबरच्या बोटीला पॉलिश पेपर मारताना उडणारी काचतंतूंची धूळ मात्र साध्या कापडी पिशवीतून पार होऊन परत हवेत येते. त्या कामाला अतिबारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर आणि तोंडाला मास्क दोन्ही हवेत.

सर्वांत गंभीर बाब पेट्रोलची आहे. व्हॅक्यूम क्लिनरमध्ये बहुधा कार्बन ब्रशची मोटर असते आणि ती नीट चालत असतानाही आत ठिणग्या पडतच असतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी बसून राहते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असले तरी ती पेटू शकते. रॉकेलवर चालणारी आऊटबोर्ड इंजिनेही सुरू पेट्रोलवरच करतात, त्यामुळे अशा बोटीच्या तळातले पाणी निर्धोक समजता येत नाही. पाण्यावर तेलाचा तवंग दिसत असेल, वास येत असेल किंवा नुकतेच इंधन भरले असेल, तर कोणतेही यंत्र, मग ते ओले-सुके असो वा रिचार्जेबल, तिथे लावू नये. तवंग फडक्याने टिपून घ्यावा, फळ्या उघडून वारा खेळू द्यावा. नवे यंत्र ब्रशलेस आहे, त्यात ठिणगी पडत नाही, असे काही विक्रेते सांगतात. पण स्विच, बॅटरीचे टर्मिनल आणि प्लास्टिकच्या नळीत साठणारी स्थिर वीज तशीच राहते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

ही सूचना यंत्राच्या माहितीपुस्तिकेत असते, पण बारीक इंग्रजीत. आपल्या भागात नावेवर काम करणारा माणूस मराठी वाचतो किंवा कन्नड वाचतो. बेळगाव, निपाणी आणि कारवारच्या विक्रेत्यांनी पेट्रोलविषयीचे तेवढे एक वाक्य दोन्ही भाषांत छापून यंत्राच्या झाकणावर चिकटवून द्यावे आणि गिऱ्हाइकाला विचारावे की हे घरी नेणार की बोटीवर. आपल्या पुढच्या पुरवणीतही त्यासाठी चार ओळींची चौकट ठेवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक मोटर रिवाइंडिंग कारागीर
उद्यमबाग, बेळगाव